दोन लहान मुलांसाठी दुहेरी बाबागाडी निवडताना: कोल्हापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळ्या मुलांचे आणि वयात थोडेच अंतर असलेल्या भावंडांचे पालक दुहेरी बाबागाडी घेण्यापूर्वी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे कोल्हापुरातील घरे, रस्ते आणि हवा लक्षात घेऊन दिली आहेत. गाड्यांची मापे व वजने बाजारात सर्वसाधारणपणे आढळणारी आहेत. प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी त्या गाडीच्या माहितीपत्रकातील आकडेच प्रमाण मानावेत.

घरात दोन लहान मुले आहेत, म्हणजे दुहेरी गाडी घ्यावीच लागते का?

नाही. जुळी मुले असतील, तर पहिली दोन-अडीच वर्षे दुहेरी गाडीचा खरा उपयोग होतो. एकट्या आईला किंवा वडिलांना दोघांना घेऊन बाहेर पडायचे असेल, तर दुसरा सोयीचा मार्ग जवळपास नसतोच. भावंडांच्या वयात दीड ते दोन वर्षांचे अंतर असेल, तर मोठे मूल चालते खरे, पण लांबवर चालत नाही आणि मध्येच हात वर करून उचलून घ्यायला लावते. अशा घरी दुहेरी गाडी साधारण वर्ष-दीड वर्ष उपयोगी पडते. अंतर तीन वर्षे किंवा त्याहून अधिक असेल, तर दुहेरी गाडी घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा वेळी एक चांगली एकेरी गाडी आणि तिच्या मागे जोडता येणारी, मोठ्या मुलाने उभे राहण्याची फळी एवढ्यावर भागते.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा शुक्रवार पेठेतील जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने आणखी एक विचार करावा. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असतात, घराला उंच उंबरा असतो आणि सोप्यात आधीच सायकल, चपलांचे कपाट आणि पाण्याची टाकी असते. तेथे दुहेरी गाडी बहुतेक वेळा घडी होऊन भिंतीला टेकून उभी राहते. एक मूल एकेरी गाडीत आणि दुसरे अंगावर बांधण्याच्या कापडी कॅरिअरमध्ये, ही रचना अशा घरांत अधिक चालते. कॅरिअरमध्ये बाळाचा चेहरा सतत दिसत राहिला पाहिजे, नाक-तोंड कापडात दबता कामा नये आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, एवढी काळजी मात्र घ्यावीच लागते.

दुहेरी गाड्यांचे मुख्य प्रकार कोणते?

पहिला प्रकार शेजारी-शेजारी आसनांचा. याची रुंदी साधारण ७२ ते ८० सेंटिमीटर असते. दोन्ही मुलांना समोरचे सारखेच दिसते, दोन्ही आसने बहुधा सारखीच मागे झुकतात, आणि वजन दोन्ही बाजूंना समान वाटले गेल्याने गाडी वळवायला हलकी पडते. मुले एकमेकांचे केस ओढतात, हातातला बिस्किटाचा तुकडा पळवतात, आणि एक रडू लागले की दुसरेही सूर धरते, हा त्याचा अपरिहार्य भाग आहे.

दुसरा प्रकार मागे-पुढे आसनांचा. याची रुंदी एकेरी गाडीइतकीच, म्हणजे साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर असते, पण लांबी ११० ते १३० सेंटिमीटरपर्यंत जाते. दारातून आणि दुकानातून ही गाडी सहज जाते. अडचण येते ती वळणावर आणि पदपथाच्या कडेवर चढवताना, कारण पुढच्या मुलाचे वजन पुढच्या चाकांवर असते आणि पुढचा भाग उचलण्यासाठी हँडल चांगलेच दाबावे लागते. मागच्या मुलाला समोर पुढच्या आसनाची पाठच दिसते, आणि अनेक गाड्यांत दोहोंपैकी एकच आसन पूर्ण आडवे होते.

तिसरा प्रकार एकेरी गाडीची दुहेरी होणारा. दुसरे आसन स्वतंत्र घेऊन नंतर जोडता येते. दुसरे बाळ येण्यापूर्वीच खरेदी करायची असेल, तर हा पर्याय दूरदृष्टीचा. पण दुसरे आसन व जोडणीचे सुटे भाग यांची किंमत आधीच विचारून घ्यावी, कारण अनेकदा ती गाडीच्या किमतीच्या जवळ पोहोचते आणि दोन वर्षांनी ते भाग मिळतीलच असे नसते.

कोल्हापुरात कोणती रुंदी चालते?

सर्वांत अधिक विचारला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा हा मुद्दा आहे. रस्त्याच्या रुंदीचा प्रश्न नंतर येतो; गाडी आधी घरातून बाहेर पडली पाहिजे.

घराचे मुख्य दार बहुधा तीन फुटांचे, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटरचे असते; पण हे माप चौकटीसह असेल, तर प्रत्यक्ष मोकळी जागा त्याहून कमी असते आणि उघड्या दाराची जाडीही त्यातून वजा होते. आतील खोल्यांची दारे अडीच फुटांची, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरची असतील, तर शेजारी-शेजारी आसनांची बहुतेक गाडी तेथेच अडते. जुन्या वाड्यांतील दोन फळ्यांच्या दारात एक फळी नेहमी कडी लावून बंद असते. दररोज ती उघडण्याची घरातील वडीलधाऱ्यांची तयारी आहे का, हेही आधी विचारावे. काही सोसायट्यांत मोठे फाटक बंद ठेवून शेजारच्या लहान दारातून ये-जा चालते. त्या लहान दाराचे माप घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी खरी परीक्षा लिफ्टची. भारतीय मानकानुसार सहा जणांच्या लिफ्टची केबिन ११० सेंटिमीटर रुंद व १०० सेंटिमीटर खोल असते आणि तिचे दार ७० सेंटिमीटर उघडते. चार जणांच्या लिफ्टचे दारही तेवढेच, पण केबिनची खोली केवळ ७० सेंटिमीटर असते. म्हणजे ७६ सेंटिमीटर रुंदीची शेजारी-शेजारी गाडी या दोन्ही लिफ्टच्या दारातच अडते, आणि १२० सेंटिमीटर लांबीची मागे-पुढे गाडी दारातून आत शिरली, तरी तिचे टोक बाहेर राहून दार मिटत नाही. आठ जणांच्या लिफ्टचे दार ८० सेंटिमीटर आणि केबिन १३० बाय ११० सेंटिमीटर असते. तेथे पहिला प्रकार मावतो. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांतील तीन-चार मजली जुन्या इमारतींत लिफ्ट लहान असण्याचा संभव अधिक, त्यामुळे केबिनमध्ये लावलेली पाटी वाचावी आणि तरीही टेपने मोजावे.

मोजण्याची सोपी रीत अशी: जी गाडी मनात आहे, तिच्या रुंदीएवढी एक काठी कापून घ्यावी, ती कमरेच्या खाली आडवी धरावी आणि नेहमीच्या वाटेने घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत किंवा बागेपर्यंत चालत जावे. काठी जेथे तिरकी करावी लागेल, तेथे गाडी अडणार. शेजारी हसतील, पण पंधरा हजार रुपये वाचतील.

लिफ्ट नाही आणि घर दुसऱ्या मजल्यावर आहे. काय करावे?

दुहेरी गाडीचे वजन साधारण १० ते १८ किलो असते. दोन मुले आणि गाडी एकाच वेळी जिन्याने नेता येत नाहीत. कोणालातरी काही काळ एकटे सोडावे लागते, आणि ते मूल असता कामा नये. म्हणून गाडी खालीच राहील अशी सोय करावी: पार्किंगमध्ये ठरलेली कोरडी जागा, सायकलला लावतात तशी साखळी व कुलूप, आणि वरून धुळीचे आच्छादन. अशी जागा मिळत नसेल, तर दुहेरी गाडीचा विचार सोडून द्यावा, हेच आम्ही सुचवतो. पंचगंगेच्या पुराचे पाणी ज्या भागांत शिरते, त्या भागांतील रहिवाशांना २०१९ आणि २०२१ मधील पुरानंतर वेगळे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात गाडी तळमजल्यावर ठेवू नये.

नवजात बाळाला दुहेरी गाडीत ठेवता येते का?

आसन पूर्ण किंवा जवळजवळ आडवे होत असेल, तरच ठेवता येते. बाळ साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास मान सावरू लागते आणि सहाव्या ते आठव्या महिन्यात आधाराशिवाय बसू लागते. त्याआधी बाळाला उभट आसनात बसवले, तर मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. जुळी मुले अनेकदा अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची जन्मतात, म्हणून त्यांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांना विचारूनच गाडीचा वापर सुरू करावा. जुळ्यांसाठी गाडी घेताना दोन्ही आसने स्वतंत्रपणे पूर्ण आडवी होतात का, हे पाहावे. "मागे झुकते" एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. विक्रेत्याला ते करून दाखवायला सांगावे.

गाडीत झोपलेल्या बाळावर कोणाची तरी नजर असलीच पाहिजे. घरी आल्यावर बाळ झोपलेलेच असेल, तरी त्याला उचलून सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवावे. गाडी हा पाळण्याचा पर्याय नाही.

एक मूल पाच महिन्यांचे आणि दुसरे अडीच वर्षांचे आहे. वजनाचा तोल राहील का?

राहतो, पण गाडीच्या प्रकारानुसार काळजी वेगळी. शेजारी-शेजारी गाडीत एका बाजूला सहा-सात किलो आणि दुसऱ्या बाजूला बारा-तेरा किलो असले, की गाडी सरळ ढकलतानाही जड बाजूकडे ओढ घेते. सपाट रस्त्यावर हे अंगवळणी पडते, उताराच्या रस्त्यावर मनगट दुखते. मागे-पुढे गाडीत कोणते मूल कोठे बसवायचे, हे उत्पादकाने सांगितलेले असते, आणि ती सूचना पाळावीच. मोठे मूल आधी उतरवले आणि बाळ एकटेच एका टोकाला राहिले, तर काही गाड्या कलंडतात. चढवताना व उतरवताना क्रम ठरवून घ्यावा आणि ब्रेक लावल्याशिवाय कोणालाच हात लावू नये.

प्रत्येक आसनाची वजनमर्यादा साधारण १५ ते २२ किलो असते. वर्षाचे मूल नऊ-दहा किलोचे, दोन वर्षांचे सुमारे बारा किलोचे आणि चार वर्षांचे सुमारे सोळा किलोचे असते, हे लक्षात घेतले, तर १५ किलोची मर्यादा असलेली गाडी मोठ्या मुलासाठी किती दिवस पुरेल, याचा हिशेब घरीच करता येतो.

आपल्या रस्त्यांसाठी कोणती चाके घ्यावीत?

मोठी. लहान, कडक प्लास्टिकची जोडचाके मॉलच्या फरशीवर छान पळतात आणि बाहेर गटाराच्या जाळीत अडकतात. दोन मुलांचे व गाडीचे मिळून तीस-पस्तीस किलो वजन असताना चाक खड्ड्यात अडकले, तर गाडी जागीच थांबते आणि ढकलणारा हँडलवर आदळतो. मागची चाके किमान २० सेंटिमीटर व्यासाची असावीत. त्याहून मोठी असतील तर उत्तम.

चाकाचे साहित्य तीन प्रकारचे आढळते. फोमचे चाक हलके असते व पंक्चर होत नाही, पण खडी आणि गतिरोधकांवर ते लवकर झिजते. भरीव रबरासारखे चाक टिकाऊ पण जड. हवा भरलेले चाक धक्के सर्वांत चांगले शोषते आणि खडबडीत रस्त्यावर मुलांच्या मानेला बसणारा हिसका कमी करते. त्याची ट्यूब बारा इंची असेल, तर मुलांच्या सायकलची ट्यूब बहुधा बसते आणि पंक्चर कोपऱ्यावरचा सायकलवाला काढून देतो. पेठांत व उपनगरांत रोज चालणाऱ्यांनी शक्य असल्यास हवेचे चाक घ्यावे. मुख्यतः गाडीने फिरून सपाट जागीच बाबागाडी उतरवणाऱ्यांना फोमचे चाक पुरते.

पुढची फिरती चाके सरळ स्थितीत लॉक होतात का, हे पाहावे. खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर ती लॉक केली नाहीत, तर थरथरत आडवी होतात.

ब्रेक कसा तपासावा?

दोन्ही मागच्या चाकांना एकाच पायपट्टीने लागणारा ब्रेक असावा. प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक असला, की घाईत एकच लावला जातो. दुकानात रिकामी गाडी ढकलून ब्रेक तपासण्यात अर्थ नाही. दोन्ही आसनांवर दहा-दहा किलोच्या तांदळाच्या पिशव्या ठेवून, दुकानाच्या उतरत्या पायवाटेवर गाडी उभी करून पाहावी. चांगला दुकानदार यास नाही म्हणत नाही.

आपल्याकडे बहुतेक जण उघड्या चपला घालतात, ही गोष्ट गाड्या बनवणारे लक्षात घेत नाहीत. पायाच्या बोटांनी वर उचलून सोडायचा ब्रेक कोल्हापुरी चपलेत बोटांना लागतो, आणि मग माणूस ब्रेक लावण्याचेच टाळू लागतो. लावायला व सोडायला दोन्ही वेळा खालीच दाबावा लागेल असा ब्रेक निवडावा. हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असेल, तर उतारावर तो वापरावा. रंकाळ्याच्या काठावर किंवा पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूला, पाण्याकडे उतार असलेल्या जागी तर अवश्य.

गाडी डिकीत किंवा रिक्षात मावेल का?

घडी केल्यानंतरची तिन्ही मापे विचारावीत; केवळ "सहज घडी होते" हे उत्तर नव्हे. शेजारी-शेजारी गाडीची घडी सपाट पण रुंद होते, मागे-पुढे गाडीची घडी लांब आणि जाड होते. लहान मोटारीच्या डिकीत दोन्ही अडचणीच्याच ठरतात. सीएनजीची टाकी बसवलेली मोटार असेल, तर डिकीचा विचारच करू नये. मागच्या आसनावर किंवा वरच्या कॅरिअरवर जागा शोधावी लागते. छत्रीसारखी मिटणारी गाडी या बाबतीत सोयीची असते. विमानांच्या चाकांच्या रचनेवर काम केलेले ब्रिटिश अभियंते ओवेन मॅक्लॅरेन यांनी १९६५ मध्ये तशी हलकी गाडी तयार केली, आणि आजच्या बहुतेक हलक्या गाड्यांचे मूळ त्या रचनेत आहे. मात्र छत्रीसारखी मिटणारी दुहेरी गाडी उघडायला व मिटायला दोन्ही हात लागतात, आणि दोन मुलांना सांभाळणाऱ्या एकट्या माणसाकडे ते क्वचितच रिकामे असतात.

रिक्षात मुले आणि घडी केलेली दुहेरी गाडी एकत्र मावतात, पण मग तिसरा मोठा माणूस मावत नाही. केएमटीच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी आणि वडापमध्ये कोणत्याही वेळी दुहेरी गाडी नेण्याचा प्रयत्न करू नये.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

उन्हाचे आधी सांगतो, कारण त्यातील चूक अधिक घातक असते. बाळाला ऊन लागू नये म्हणून गाडीच्या टपावरून ओढणी किंवा दुपटे सोडण्याची सवय घरोघरी आहे. कोरड्या कापडाने गाडी झाकली, की आत हवा खेळत नाही आणि तापमान बाहेरच्यापेक्षाही वाढते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत पातळ कोरडे कापडही गाडीच्या आतील उष्णता सुमारे तीन अंशांनी वाढवते असे दिसले, तर ओलसर कापड आणि छोटा पंखा यांमुळे ती कमी झाली. त्यामुळे मोठा, खाली येणारा टप आणि त्याला हवा येण्यासाठी जाळीची खिडकी असलेली गाडी घ्यावी. दुहेरी गाडीत दोन्ही आसनांचे टप वेगवेगळे उघडतात का, हेही पाहावे. ऊन नेहमी एकाच बाजूने येते. मार्च ते मे या काळात सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडावे.

जून ते सप्टेंबर या काळात पावसाचे पारदर्शक आवरण लागते, आणि ते त्याच गाडीसाठी बनवलेले, हवेची छिद्रे असलेले असावे. पाऊस थांबताच ते काढावे. प्लास्टिक आवरणाखाली ढगाळ दिवशीही उकडते. भिजलेली गाडी घडी करून ठेवली, की दोन दिवसांत आसनावर बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. आसनाचे कापड काढून धुता येते का, हे खरेदीच्या वेळीच पाहावे, कारण आपल्याकडील पावसाळ्यात ते अनेकदा धुवावे लागेल. चाकांच्या आसावरील चिखल पुसून सिलिकॉनचा फवारा मारावा. खोबरेल किंवा मशीनचे तेल घातले, की त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो.

हँडलला भाजीची पिशवी अडकवली तर चालते का?

नाही. हलकी गाडी मागे कलंडते, आणि एक मूल उतरवल्यावर तर हमखास. सामान आसनाखालच्या जाळीत, तेही तिच्या वजनमर्यादेत ठेवावे.

सुरक्षिततेची कोणती खूण पाहावी?

युरोपात विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी ईएन १८८८ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या आणि दुसरा भाग १५ ते २२ किलोच्या मुलांच्या गाड्यांसाठी आहे. अमेरिकेत एएसटीएम एफ८३३ हे मानक वापरले जाते. गाडीच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या पट्टीवर यांपैकी एखादे मानक, वजनमर्यादा, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि परदेशी गाडी असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता असावा. केवळ खोक्यावर छापलेल्या मजकुरावर विसंबू नये.

पट्टे पाच ठिकाणी अडकणारे असावेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या गाडीतून दीड वर्षाचे मूल सहज उभे राहते. जुळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: एका मुलाचा हात शेजारच्याच्या बकलपर्यंत पोहोचतो, म्हणून बकल मोठ्या माणसालाही थोडा जोर लावूनच उघडावा असे असले, तर तक्रार करू नये.

घडीच्या सांध्यांवर बोटे चिरडली जाण्याचा धोका खरा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी अमेरिकेत याच कारणाने सुधारणा जाहीर करावी लागली होती; मुलांच्या बोटांची टोके सांध्यात अडकून तुटल्याच्या घटना घडल्या होत्या आणि सांध्यांवर बसवायची आवरणे ग्राहकांना देण्यात आली. गाडी उघडताना किंवा मिटताना मुले हातभर लांब असली पाहिजेत. मोठ्या भावंडाला "मदत" करण्याची फार हौस असते. ती इतरत्र भागवावी.

जुनी, वापरलेली गाडी घ्यावी का?

घ्यावी, आणि जुळ्यांच्या गाडीबाबत तर आवर्जून शोधावी, कारण ती दोन-अडीच वर्षांत घरातून बाहेर पडते आणि बहुधा चांगल्या स्थितीत असते. पाहण्याच्या जागा ठरलेल्या: घडीचे लॉक पूर्ण बसते का, सांगाड्याला कोठे वेल्डिंग केलेले आहे का, चाक धरून हलवल्यास आसावर खुळखुळते का, पट्ट्यांची वीण विरली आहे का, आणि दोन्ही ब्रेक वजनासह धरतात का. सांगाड्याला वेल्डिंग दिसले, तर गाडी घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. पट्टे हरवलेली गाडीही नको. कापडाच्या पट्ट्या शिवून केलेली जुळवाजुळव मुलाचे वजन पेलत नाही.

ऑनलाइन मागवावी की दुकानातून घ्यावी?

दुहेरी गाडी कोल्हापुरातील सर्वच दुकानांत तयार मिळत नाही, अनेकदा मागवूनच घ्यावी लागते. तरीही एकदा तरी प्रत्यक्ष गाडी हाताळावी. ओळखीच्या कुटुंबाकडे असेल, तर त्यांची गाडी मुलांना बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन पाहावी. ऑनलाइन मागवताना परतीची मुदत, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि चाके व टप यांसारखे सुटे भाग मिळतात का, हे वाचून घ्यावे. खोके उघडताना चित्रीकरण करून ठेवावे आणि मुदत संपेपर्यंत खोके टाकू नये. सदोष वस्तूबद्दल दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

किती खर्च येतो?

साध्या दुहेरी गाड्या साधारण दहा ते वीस हजार रुपयांत मिळतात, नावाजलेल्या परदेशी गाड्या लाखापर्यंत आणि त्यापुढेही जातात. महाग गाडीत पैसे मुख्यतः सांगाड्याच्या घडणीचे, चाकांचे आणि एका हाताने होणाऱ्या घडीचे असतात. पेय ठेवण्याचे कप्पे, खेळण्यांचा दांडा, मोबाइलची जागा यांसाठी जादा पैसे देऊ नयेत.

गाडी बहुतेक वेळा आजी-आजोबा ढकलणार आहेत. काही वेगळे पाहावे का?

होय, आणि निवड करताना त्यांनाच बरोबर न्यावे. हँडलची उंची कमी-जास्त होणारी असावी, नाहीतर उंच आजोबांना वाकावे लागते आणि ठेंगण्या आजींचे खांदे भरून येतात. एकच सलग हँडल असावे. छत्रीच्या मुठींसारखी दोन वेगळी हँडले असली, की एका हाताने गाडी सरळ जात नाही आणि दुसऱ्या हाताने पिशवी किंवा मोठ्या नातवाचे बोट धरता येत नाही. ज्यांना गुडघेदुखी किंवा कंबरदुखी आहे, त्यांनी दोन मुलांची गाडी चढावर नेऊ नये. गाडी उघडणे व मिटणे त्यांना जमत नसेल, तर ती उघडीच राहील अशी जागा घरात लागेल; तेही माप काठीने घ्यावे.

रंकाळा, अंबाबाईचे मंदिर, पन्हाळा या ठिकाणी दुहेरी गाडी नेता येते का?

रंकाळ्याच्या काठाची फिरण्याची वाट सकाळी उत्तम. संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि गर्दी असते, तेव्हा रुंद गाडी लोकांच्या पायांत येते. शिवाजी विद्यापीठाचा परिसर झाडांचा, मोकळ्या रस्त्यांचा आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आहे; दुहेरी गाडीला एवढी मोकळीक शहरात फार थोड्या ठिकाणी मिळते. टाऊन हॉलची बागही लहान फेरीसाठी सोयीची.

अंबाबाईच्या दर्शनाला गाडी घेऊन जाऊ नये. महाद्वार रोडवर खरेदीच्या वेळी पायी चालणाऱ्यालाच वाट काढावी लागते. आत दगडी फरशी, पायऱ्या आणि रांग. नवरात्रात तर हा विचारच नको. दोन मोठी माणसे आणि दोन कॅरिअर, किंवा एक मूल कडेवर आणि एक कॅरिअरमध्ये, हेच बरे. पन्हाळ्यावर डांबरी रस्त्याने फिरता येते, पण तीन दरवाजा आणि सज्जा कोठीच्या परिसरातील दगडी वाटांवर गाडी मागेच ठेवावी लागते, त्यामुळे ती नेण्यासारखी असेल तर घडी हलकी असणारीच न्यावी.

रेल्वेने किंवा विमानाने जाताना?

महालक्ष्मी एक्सप्रेससारख्या गाडीत बाबागाडी घडी करूनच चढवावी लागते. ती आसनाखाली मावेल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि डब्यातील वाट अडेल अशी ती उभीही करू नये. मुले आधी चढवायची की गाडी, हे फलाटावर येण्यापूर्वी ठरलेले असावे. उजळाईवाडीच्या विमानतळावरून जाणार असाल, तर दुहेरी गाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येईल की सामानातच द्यावी लागेल, हे विमान कंपनीला आधी विचारावे, कारण नियम कंपनीनुसार बदलतात. सामानात देताना चाके काढता येत असतील, तर काढून पिशवीत भरावीत. हरवणारा भाग बहुधा तोच असतो.

गाडी बिघडली तर दुरुस्ती कोठे होते?

कोल्हापूरकरांना या बाबतीत फार चिंता करण्याचे कारण नाही. चाकाचे बेअरिंग, आसाचा बुश किंवा झिजलेली खीळ यांसाठी जुना भाग बरोबर घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले, तर त्याच मापाचा नवा भाग मिळतो किंवा लेथवर करून दिला जातो. पंक्चर, ट्यूब आणि हवा सायकलच्या दुकानात. आसनाचे फाटलेले कापड व टपाची शिवण बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे. दोन गोष्टी मात्र बाहेर करून घेऊ नयेत: घडीच्या लॉकची दुरुस्ती आणि तुटलेल्या सांगाड्याचे वेल्डिंग. लॉकचा मूळ भाग उत्पादकाकडून मिळत नसेल, तर ती गाडी मुलांसाठी वापरणे थांबवावे, आणि तिचे लॉक तोडूनच भंगारात द्यावी, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या मुलांसाठी पुन्हा रस्त्यावर येणार नाही.